नभोवाणीचा धनी कोण?

सन १९२७ हे साल आपल्या घरांत महाडच्या चवदार तळ्यासाठी स्मरले जाते. त्याच साली मुंबईत आणखी दोन गोष्टी घडल्या. ३ एप्रिल रोजी ‘बहिष्कृत भारत’ या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. आणि २३ जुलै रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. एकाजवळ सांगावयाचे पुष्कळ होते, पण द्रव्यबळ नव्हते. दुसऱ्याजवळ यंत्र होते, भांडवल होते आणि व्हाइसरॉयसाहेबांच्या हस्ते झालेले उद्घाटनही होते. दोघांचीही दोन-तीन वर्षांत आर्थिक ओढाताण झाली. कंपनी बुडाली तेव्हा १९३० साली सरकारने तिची यंत्रणा आपल्या ताब्यात घेतली व ती चालू ठेवली. ‘बहिष्कृत भारत’ १९२९ च्या अखेरीस थांबले, तेव्हा त्याला हात देण्यास कोणतेही सरकार धावले नाही. या देशात कोणाचा आवाज सरकारी खर्चाने चालतो आणि कोणाचा आवाज स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन चालवावा लागतो, याचा हा पहिला धडा होय.

आज त्याच नभोवाणीविषयी, व तिच्यावर देखरेख करणाऱ्या माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या पुनर्रचनेविषयी, आपणांपुढे चार शब्द मांडावयाचे आहेत. आपणांपैकी कोणी म्हणेल, ‘दिल्लीतल्या एका मंत्रालयाची खाती जोडली काय किंवा तोडली काय, आमचे त्यात काय जाते? आमचा प्रश्न मुलांच्या शिष्यवृत्तीचा, जमिनीच्या तुकड्याचा, जातीच्या दाखल्याचा.’ प्रश्न रास्त आहे; पण त्याचे उत्तरही तितकेच रोखठोक आहे. जो हक्क माणसाच्या कानी पडत नाही, तो त्याच्यापुरता अस्तित्वातच नसतो. शिष्यवृत्तीची मुदत कळली नाही तर शिष्यवृत्ती बुडते. गावात अत्याचार झाला आणि त्याची वार्ता वेशीबाहेर गेली नाही, तर अत्याचार करणाराचे धैर्य दुप्पट होते. हक्काच्या लढ्यात वार्ता ही अर्धी लढाई आहे. म्हणून वार्तेच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला आहेत, हे पाहणे आपले काम आहे.

प्रथम या मंत्रालयाचा जन्म पाहू. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने आपल्याकडे एक माहिती मंत्रालय उघडले होते. युद्ध संपताच, १९४६ साली, त्यांनी ते मोडून टाकले. लोकशाहीत शांततेच्या काळी मंत्र्याच्या हाती वार्ता असू नये, असा त्यामागील विचार होता. आणि त्यांची नभोवाणी तर १९२७ पासूनच राजसनदेखाली निराळी चालत आली होती. त्याच १९४६ सालच्या सप्टेंबरात आपल्याकडे हंगामी सरकार आले आणि माहिती व नभोवाणी हे खाते सरदार पटेलांकडे गेले. जे साहेबाने स्वतःच्या घरात नको म्हटले, ते आपल्या घरात राहिले. नव्या राष्ट्राला एकत्र बांधण्यास ते हवे, असे सांगण्यात आले. ते कारण त्या वेळी खोटे नव्हते. पण काठी एकदा हाती आली की ती खाली ठेवण्याची वेळ सापडत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे.

एका मंत्र्याच्या हाती हे यंत्र असले म्हणजे काय होते, याचे एक सौम्य उदाहरण घ्या. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ पासून १९६२ पर्यंत या खात्याचे मंत्री होते. गृहस्थ विद्वान, शास्त्रीय संगीताचे कैवारी. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे मत होते, म्हणून आकाशवाणीवरून ती गीते जवळजवळ नाहीशी झाली. परिणाम असा झाला की, देशातील श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि शेवटी १९५७ साली सरकारलाच ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. येथे कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. पण काय अभिजात आणि काय हीन, कोणाचे गाणे गाणे आणि कोणाचे गाणे गोंगाट, हे एका खुर्चीवरून ठरले आणि कोट्यवधींना ते मुकाट्याने ऐकावे लागले. हलक्या-भारीची अशी प्रतवारी करणारे लोक या देशात पूर्वीही होते. त्यांनी ठरविलेल्या प्रतवारीत आपला क्रमांक कोठे लागला, ते आपणांस निराळे सांगावयास नको.

आता कठोर उदाहरण घ्या. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली आणि थोड्याच दिवसांत इंद्रकुमार गुजराल यांच्याकडून हे खाते काढून विद्याचरण शुक्ल यांच्याकडे देण्यात आले. फेब्रुवारी १९७६ मध्ये देशातील चार वृत्तसंस्था एकत्र करून ‘समाचार’ नावाची एकच संस्था बनविण्यात आली. गायक किशोरकुमार सरकारी कार्यक्रमाला सहकार्य करीत नाहीत म्हणून त्यांची गाणी आकाशवाणी व दूरदर्शनवरून बंद झाली. फेब्रुवारी १९७७ मध्ये जगजीवनराम यांनी मंत्रिपद सोडले आणि दिल्लीच्या रामलीला मैदानावर विरोधकांची प्रचंड सभा भरली. त्याच सायंकाळी दूरदर्शनने ‘बॉबी’ हा लोकप्रिय चित्रपट दाखविला. माणसांनी घरीच बसावे हाच त्यामागचा हेतू, असे तेव्हापासून बोलले जाते. तरीही मैदान भरले, ही गोष्ट वेगळी.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. चार वृत्तसंस्थांची एक करणे, ही सुद्धा ‘पुनर्रचना’च होती. तिलाही काटकसर आणि सुसूत्रता अशी गोंडस कारणे देता येत होती. म्हणून पुनर्रचना हा शब्द ऐकताच टाळ्या वाजवू नयेत आणि दगडही उचलू नये. एकच प्रश्न विचारावा : या फेरबदलाने सत्ता वाटली गेली, की गोळा झाली?

सत्ता वाटण्याचे प्रयत्नही झाले, हे मान्य केले पाहिजे. अशोक चंदा यांच्या समितीने १९६६ साली, म्हणजे आणीबाणीच्या नऊ वर्षे आधी, आकाशवाणी सरकारी खात्याच्या चौकटीतून मुक्त करून महामंडळाकडे द्यावी असे सुचविले. सरकारने तो अहवाल ठेवून दिला. आणीबाणी उठल्यावर १९७७ साली प्रसारमाध्यमांच्या दुरुपयोगाविषयी श्वेतपत्रिका निघाली आणि बी. जी. वर्गीस यांच्या कार्यगटाने १९७८ साली ‘आकाश भारती’ या स्वतंत्र न्यासाची योजना मांडली. पुढे तिचे सत्त्व कमी करून एक विधेयक आले. पण सरकारच पडले आणि विधेयकही गेले.

मग १९९० साल उजाडले. वाचकहो, हे साल आपल्या प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे. धर्मांतर करून बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या लोकांचा केंद्रातील सवलतींचा हक्क, जो आधी धर्माच्या रकान्यावर बोट ठेवून नाकारला जात होता, तो त्या वर्षी संसदेने दुरुस्ती करून मान्य केला. त्याच वर्षी, त्याच विश्वनाथ प्रताप सिंह सरकारच्या कारकिर्दीत, प्रसार भारतीचा कायदाही संमत झाला. एक कायदा माणसाला हक्क देणारा, दुसरा त्या हक्काची वार्ता मोकळी करणारा. पहिला कायदा अमलात आला. दुसरा मात्र सात वर्षे कपाटात पडून राहिला. मध्यंतरी आलेल्या कोणत्याही सरकारला तो बाहेर काढावासा वाटला नाही. अखेर सप्टेंबर १९९७ मध्ये तो अमलात आला, तेव्हा पंतप्रधानपदी होते तेच गुजराल, ज्यांच्याकडून १९७५ साली हे खाते काढून घेण्यात आले होते. दरम्यान १९९५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात निकाल दिला की, आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारचीही मक्तेदारी नाही आणि एखाद्या धनिकाचीही नाही. तो निकाल लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे आपल्या महाराष्ट्राचे होते.

या १९९० च्या कायद्यातील बारावे कलम आपण अवश्य वाचावे. महामंडळाने कोणती उद्दिष्टे डोळ्यांपुढे ठेवावीत, ते त्यात सांगितले आहे. नागरिकाला मोकळी, खरी व निःपक्षपाती माहिती मिळण्याचा हक्क जपणे हे एक. आणि सामाजिक न्याय वाढविणे, शोषण, विषमता व अस्पृश्यता यांसारख्या दुष्ट गोष्टींशी झगडणे, हेही त्यात स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. म्हणजे अस्पृश्यतेविरुद्ध बोलणे ही आकाशवाणीची किंवा दूरदर्शनची मेहेरबानी नव्हे. ते तिचे कायदेशीर कर्तव्य आहे. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या दोन दिवशी पुष्पहाराचे चित्र दाखविले म्हणजे हे कर्तव्य संपले, असे कोणी समजू नये.

मग अडले कोठे? तीन ठिकाणी अडले.

पहिले, पैसा. महामंडळ स्वायत्त म्हणावयाचे, पण त्याचा मोठा खर्च सरकारी अनुदानावर चालतो. ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत नेमलेले नोकर कायद्याने सरकारचेच, प्रतिनियुक्तीवर आलेले मानले जातात. ज्याच्या ताटात जेवावयाचे त्याच्या तोंडावर खरे बोलणे कठीण असते, हे बलुत्याच्या भाकरीवर पिढ्या काढलेल्या समाजाला कोणी शिकवावयास नको. आपण ती भाकरी नाकारली तेव्हाच आपली मान ताठ झाली. संस्थांचेही तसेच आहे.

दुसरे, पहारा. कायद्याने संसदेच्या दोन्ही सभागृहांतील बावीस सदस्यांची एक समिती आणि श्रोत्यांच्या तक्रारी ऐकणारी एक प्रसारण परिषद सांगितली आहे. या दोन्ही गोष्टी कायद्याच्या पानावरून उतरून सामान्य श्रोत्याच्या उपयोगी पडल्या, असे झालेले नाही. तक्रार न्यावयाची तर फिरून मंत्रालयाच्याच दाराशी. म्हणजे ज्याच्याविषयी गाऱ्हाणे त्याच्याचपुढे गाऱ्हाणे. पाटलाविरुद्धची फिर्याद पाटलाच्याच चावडीवर.

तिसरे, हुकूम. तेविसाव्या कलमाने सरकारला देशाचे सार्वभौमत्व, एकता, सुरक्षितता व सार्वजनिक सुव्यवस्था या कारणांसाठी महामंडळास लेखी आज्ञा देता येते; पण अशा आज्ञेची प्रत संसदेपुढे ठेवावी लागते आणि अमुक गोष्ट सरकारी आज्ञेवरून सांगत आहोत, असे महामंडळाला श्रोत्यांना कळविता येते. ही तरतूद चांगली आहे. परंतु जेथे पैसा आणि नेमणुका हाती आहेत, तेथे लेखी आज्ञेची गरज उरत नाही. भुवई उंचावली तरी काम भागते.

आता अलीकडच्या फेरबदलांकडे या. २०१७ च्या डिसेंबरात जाहिरात व दृश्य प्रसिद्धी संचालनालय, क्षेत्र प्रसिद्धी संचालनालय आणि गीत व नाटक विभाग ही तीन कार्यालये एकत्र करण्यात आली. २०२० च्या डिसेंबरात मंत्रिमंडळाने ठरविले की, फिल्म्स डिव्हिजन, बाल चित्रपट समिती, पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि चित्रपट महोत्सव संचालनालय ही राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करावीत. २०२२ साली ते काम पुरे झाले. फिल्म्स डिव्हिजन ही १९४८ पासूनची मुंबईतील संस्था. या देशाच्या पाऊणशे वर्षांची चालती चित्रे तिच्या कपाटांत आहेत. ती कपाटे आता एका व्यापारी महामंडळाच्या हवाली झाली, तेव्हा ती जपली जातील की विकली जातील, हा प्रश्न चित्रपटवाल्यांनी विचारला तो योग्यच होता. या सर्व विलीनीकरणांत खर्च वाचला असेल, टेबले कमी झाली असतील. पण मंत्र्याच्या हातची एक तरी किल्ली संसदेच्या किंवा श्रोत्याच्या हाती आली काय? नाही आली. उलट नोव्हेंबर २०२० मध्ये संगणकीय माध्यमांवरील वार्ता व चित्रपट यांचेही क्षेत्र याच मंत्रालयाखाली आले. जे खाते आटोपते घ्यावयाचे, त्याचे अंगण रुंदावले.

एक ताजे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. जून २०२३ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरील प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून ते काम दुसरीकडे हलविण्याचा निर्णय निघाला. लोकांनी ओरड केली, राजकीय पुढाऱ्यांनी दिल्लीला शब्द टाकला आणि निर्णय थांबला. वार्ता वाचली याचा आनंदच आहे. पण ती वाचली कोणाच्या शब्दाने? मंत्र्याच्या. जो मंत्री आज वाचवू शकतो, तो उद्या बुडवूही शकतो. कृपेवर टिकलेली गोष्ट हक्काने टिकलेली नसते. आपल्या समाजाने कृपा आणि हक्क यांतील भेद फार मोठी किंमत देऊन शिकलेला आहे.

येथे दोन आक्षेप येतील. पहिला असा की, सरकारी नभोवाणी मोडीतच काढा. खाजगी वाहिन्या पुष्कळ आहेत, लोक त्या पाहतात. याला माझे उत्तर असे की, सरकारच्या दावणीतून सोडून सावकाराच्या दावणीला बांधणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. खाजगी वाहिनी जाहिरातीवर जगते आणि जाहिरात ज्याच्या खिशात पैसा त्याच्यासाठी असते. भूमिहीन मजुराच्या पोराचा प्रश्न विकला जात नाही, म्हणून तो दाखविला जात नाही. सार्वजनिक नभोवाणीचे मोल आपण विसरू नये. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितले ते आकाशवाणीवरूनच. स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे आपण परक्या राज्यक्रांतीकडून उसनी घेतली नसून बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, असे त्यांनी त्या भाषणात सांगितले. त्या वेळी ते मंत्री नव्हते; राज्यसभेत विरोधी बाजूस बसत होते. सरकारच्या यंत्रातून सरकारच्या टीकाकाराचा आवाज देशाने ऐकला. ही गोष्ट एकदा घडू शकली, तर ती नित्याची का होऊ नये?

दुसरा आक्षेप आपल्यातीलच आहे आणि तो अधिक वजनदार आहे. ‘मंत्रालय निदान संसदेला उत्तर देते, तेथे राखीव जागा आहेत. स्वायत्त मंडळ झाले की चार प्रतिष्ठित लोक बसतील आणि ते कोणत्या आळीतले असतील हे ठाऊक आहे.’ ही भीती अनाठायी नाही. प्रसार भारतीच्या मंडळावर सहा अंशकालीन सदस्य असावेत असे कायदा म्हणतो. ते नामवंत असावेत असेही म्हणतो. पण ज्यांना या देशात नाव मिळविण्याचीच वाट बंद होती, त्यांच्यासाठी त्यात एकही जागा सांगितलेली नाही. म्हणून नुसती स्वायत्तता मागणे अपुरे आहे. मंत्र्याच्या हातून निसटलेली किल्ली एखाद्या जातीच्या बैठकीत जाऊन पडली, तर आपण एक धनी बदलून दुसरा घेतला एवढेच होईल. स्वायत्ततेबरोबर प्रतिनिधित्व आले पाहिजे, आणि तेही रिवाजाने नव्हे, कायद्याने.

म्हणून आपल्या मागण्या अशा असाव्यात. एक : प्रसार भारतीचा पैसा वर्षावर्षाच्या मर्जीवर न ठेवता संसदेने काही वर्षांसाठी एकदम ठरवून द्यावा. दोन : संसदीय समिती आणि तक्रारींची प्रसारण परिषद कायद्याप्रमाणे नेमून त्यांचे अहवाल लोकांपुढे ठेवावेत. तीन : मंडळावर आणि वृत्तविभागांत अनुसूचित जाती, जमाती व स्त्रिया यांचे स्थान कायद्यात लिहावे, आणि कंत्राटी नेमणुकांनाही तोच नियम लावावा. चार : मंत्रालयाने आपले काम धोरण व परवाने यांपुरते आखून घ्यावे, वार्ता काय द्यावी हे त्याच्या कक्षेबाहेर असावे.

पण वाचकहो, मागण्या पत्रकात शोभून दिसतात. काम घरापासून सुरू होते. तेलंगणात झहीराबादजवळ २००८ सालापासून ‘संगम रेडिओ’ नावाचे सामुदायिक नभोवाणी केंद्र दलित स्त्रिया चालवितात. शेतात राबणाऱ्या बायांनी यंत्र हाताळले, आपल्या बोलीत आपले बियाणे, आपली औषधे, आपली गाणी सांगितली. सामुदायिक केंद्रांना स्वतःची वार्ता देण्याची मुभा आजही नाही, हे खरे. ती मिळविणे हेही आपल्या मागण्यांत घाला. पण ज्या बाया हे करू शकल्या, त्या आपल्याहून अधिक शिकलेल्या नव्हत्या. आपल्या विहारांत भिमगीते गाणारे कंठ आहेत, आपल्या मुली महाविद्यालयांत जातात. २००६ च्या धोरणाने नोंदणीकृत संस्थांना असे केंद्र मागण्याची वाट मोकळी झाली. मग एखाद्या तालुक्यातील संस्थेने अर्ज का करू नये? आणि २००५ च्या माहितीच्या अधिकाराने, आपल्या जिल्ह्याच्या केंद्रावर अस्पृश्यतेविरुद्ध वर्षात किती कार्यक्रम झाले, हा प्रश्न लेखी विचारण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले की, एखादी गोष्ट परंपरेने आली म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा थोर आहे म्हणून ती मानू नका. स्वतः पारखून घ्या. आपण ज्या दिवशी हा धम्म स्वीकारला, त्या दिवशी पुराणिकाच्या पोथीपुढे मान डोलाविण्याचे सोडले. आता पोथीच्या जागी ध्वनिक्षेपक आला आहे, चित्राची पेटी आली आहे, हातातला फोन आला आहे. त्यांच्यापुढेही मान डोलवू नका. सायंकाळच्या बातम्या ऐका, आणि मग मुलांना जवळ घेऊन विचारा : यात आपल्या वस्तीचे काय आले, काय आले नाही, आणि का आले नाही? ज्या घरात हा प्रश्न रोज विचारला जाईल, त्या घराला खोटी वार्ता फार दिवस फसवू शकणार नाही. आणि अशी घरे वाढली, म्हणजे नभोवाणीचा खरा धनी कोण, हे दिल्लीलाही कळून चुकेल.